इस्पितळ पडद्यावरचे आणि गावाजवळचे

१३ मार्च २०२० रोजी ‘संजीवनी’ या हिंदी मालिकेच्या नव्या पर्वाचा शेवटचा भाग प्रक्षेपित झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पुढची दोन वर्षे इस्पितळ म्हणजे काय, याचा प्रत्यक्ष पाठ देशातील घराघराला मिळाला. पडद्यावरचे इस्पितळ बंद व्हावे आणि त्याच महिन्यात खऱ्या इस्पितळांपुढे रांगा लागाव्यात, हा केवळ योगायोग होय. त्याचा दोष मालिकेच्या निर्मात्यांना देता येणार नाही. परंतु २००२ पासून थांबत थांबत का होईना, ज्या प्रेक्षकाने शेकडो संध्याकाळी इस्पितळाच्या आवारात घालविल्या, त्याला खाट कशी मिळते, प्राणवायू कोठून येतो, औषधाची किंमत कोण ठरवितो आणि तक्रार कोणाकडे करावयाची, यांपैकी काहीही त्या पाहण्यातून उमगले नव्हते. याला मात्र योगायोग म्हणता येत नाही. त्याची कारणे शोधावी लागतील, आणि ती शोधताना दोष केवळ वाहिन्यांच्या दारात टाकून चालणार नाही. काही वाटा चळवळीच्या दारातही येतो.

‘संजीवनी’ प्रथम २००२ ते २००५ या काळात ‘स्टार प्लस’वर चालली. तिचाच पुढचा अवतार ‘दिल मिल गये’ या नावाने २००७ ते २०१० पर्यंत ‘स्टार वन’वर आला आणि २०१९ साली मूळ नावाने तिसरा. डॉ. शशांक गुप्ता हे वडीलधारे पात्र तिन्ही अवतारांत राहिले; त्यांच्याभोवती शिकाऊ डॉक्टरांची पिढी बदलत गेली. या मालिकांवर प्रेक्षकांनी मते दिली आणि ती हिरिरीने दिली. राहुल आणि जुही यांचे जमावे की नाही, अरमान आणि रिद्धिमा यांची ताटातूट का केली, रिद्धिमाची भूमिका एकामागून एक तीन अभिनेत्रींकडे गेली तेव्हा त्यांतली खरी रिद्धिमा कोणती, यांवर महाविद्यालयांच्या वसतिगृहांपासून माजघरांपर्यंत तट पडले. या वादांना हसण्याचे कारण नाही. माणसे ज्या गोष्टींत जीव गुंतवितात तिच्याविषयी भांडतातच. नाटक कंपन्यांच्या काळातही ती भांडत होती. प्रश्न वेगळाच आहे. इस्पितळाविषयीच्या मालिकेवर मत देताना इस्पितळाविषयी मत देण्याची सोयच प्रेक्षकाला का उरली नाही?

वाहिन्यांचे उत्तर ठरलेले आहे. प्रेक्षकांनाच प्रेमकथा हवी असते, इस्पितळ ही केवळ पार्श्वभूमी, आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे हेच सांगतात, असे ते उत्तर. हा युक्तिवाद ज्या आकड्यांवर उभा आहे ते तपासून पाहण्यासारखे आहेत. २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत देशातील प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक मापनात ग्रामीण भागाचा समावेशच नव्हता. याचा अर्थ असा की, ‘संजीवनी’च्या पहिल्या अवतारात आणि ‘दिल मिल गये’च्या काळात सेलू वा समुद्रपूर तालुक्यातील खेड्यात दूरचित्रवाणीसमोर बसलेली बाई वाहिनीच्या हिशेबी अस्तित्वातच नव्हती. तिने मालिका पाहिली काय, मध्येच बंद केली काय, आकडा हलत नव्हता. पुढे खेडी मोजणीत आली, तरी २०२० च्या सुमारास देशातील सुमारे २१ कोटी दूरचित्रवाणीधारक घरांची आवड जेमतेम ४५ हजारांच्या आसपास घरांतील यंत्रांवरून ठरविली जात होती. शिवाय ते यंत्र पाहण्याची वेळ मोजते. पाहताना प्रेक्षक काय बोलला, हे ते मोजत नाही. अशा मोजणीच्या आधारे ‘जनतेला हेच हवे’ असे म्हणणे म्हणजे मतदारयादीत ज्याचे नावच नाही त्याचे मत आपल्या पेटीत पडल्याचा दावा करण्यासारखे आहे.

आणि प्रेक्षक बोलतो. संध्याकाळी शेतातून परतलेल्या बायका मालिका पाहताना काय बोलतात, याकडे ज्याने कान दिला आहे त्याला हे सांगावे लागत नाही. “एवढा मोठा डाक्टर एका पेशंटजवळ दिवसभर बसते, अन् आपल्याले पाच मिन्टं बी नाही भेटत.” “यायचं बिल कोन भरते?” “इथं नर्स बाई कामाले दिसतच नाही.” असे एकेक वाक्य म्हणजे आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीतील एकेक उत्तर आहे. ते हसण्यावारी बोलले जाते आणि जाहिरात लागताच विरून जाते, एवढेच. मालिकेवरील प्रेक्षकांची मते म्हणून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत जी छापली जातात त्यांत ही वाक्ये नसतात. तेथे नायिकेच्या लग्नाविषयीचे मत असते. कारण त्या मताला मालिकेच्या कथानकात जागा आहे आणि या मताला नाही.

पडद्यावरच्या इस्पितळात नेमके काय वगळले जाते, हे एकदा नीट पाहावे. पहिली वगळणूक पैशाची. बिलाचा प्रश्न आलाच, तर तो बहुधा एखाद्या कनवाळू डॉक्टरने खिशात हात घालून सोडवावयाचा असतो. प्रत्यक्षात २०१३-१४ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आल्याचे शासनाचे हिशेब सांगतात. सुधारणा मान्य केली, तरी शंभर रुपयांतील चाळीस रुपये आजही आजाऱ्याच्या घरातून जातात, आणि कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात त्या चाळीस रुपयांचे दुसरे नाव कर्ज असे आहे. दुसरी वगळणूक अंतराची. मालिकेतील रुग्ण थेट शस्त्रक्रियेच्या दारात अवतरतो. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही चढण त्याला चढावी लागत नाही. एका ग्रामीण रुग्णालयात शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, असा शासनाचाच दंडक आहे. आणि देशात या पातळीवर आवश्यक तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के कमी आहेत, हे २०२१-२२ च्या शासकीय आकडेवारीनेच दाखविले. तिसरी वगळणूक श्रमाची. परिचारिका, कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचा चालक आणि गावातली आशा यांच्यावाचून कोणतेही इस्पितळ एक दिवस चालत नाही. मोबदल्यासाठी राज्यातील आशा आणि गटप्रवर्तकांनी २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संप केला, तेव्हा खेड्यांतील आरोग्यसेवा कोणाच्या पायांवर उभी आहे हे सर्वांना दिसले. पडद्यावर मात्र त्या पायांना जागा मिळत नाही.

पैसा, अंतर आणि श्रम या तीन गोष्टी काढून घेतल्या की इस्पितळात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे डॉक्टरचा स्वभाव. मग सारे कथानक डॉक्टर चांगला की वाईट याभोवती फिरू लागते. २०१९ च्या ‘संजीवनी’त इस्पितळाचा धंदा करू पाहणारा व्यवस्थापक आला खरा, पण तो आला खलनायक म्हणून. व्यापारीकरण हा एका दुष्टाचा डाव ठरला, आणि दुष्ट हरला की व्यापारीकरणही हरले, असे मानण्यास प्रेक्षक मोकळा झाला. मराठीत २०२०-२१ साली ‘झी मराठी’वर गाजलेली ‘देवमाणूस’ ही या विचाराची दुसरी बाजू म्हणावी लागेल. वाई येथे २०१६ साली उघडकीस आलेल्या खूनसत्रावर बेतलेल्या या मालिकेत गावाने देव मानलेला डॉक्टर बोगस निघतो आणि खुनीही. ती पाहून प्रेक्षक थरारला, संतापला. परंतु पदवीवाचून दवाखाना थाटणाऱ्याकडे गाव जाते ते का? खरा डॉक्टर गावात थांबत नाही म्हणून जाते, हा त्या कथेचा गाभा असावयास हवा होता. तो बाजूला राहिला आणि राक्षसाच्या लीला तेवढ्या रंगल्या.

देव आणि राक्षस या दोन खणांतच डॉक्टरला बसविण्याच्या या सवयीची किंमत पडद्याबाहेर मोजावी लागते. १९९० च्या दशकापासून शासनाने सार्वजनिक रुग्णालयांची उपासमार चालविली आणि त्या उपाशी रुग्णालयांत गर्दीला तोंड देण्यासाठी उभा केला तो पंचविशीतला निवासी डॉक्टर. औषध नाही, खाट नाही, वरिष्ठ जागेवर नाही. नातेवाइकांचा राग मात्र त्याच्या अंगावर. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बसले. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० नवजात बालके गेली. अशा वेळी विचारावयाचे प्रश्न असतात ते विजेच्या तारांच्या तपासणीचे, अग्निशमन यंत्रणेच्या मंजुरीचे आणि रिकाम्या पदांचे. ज्याला इस्पितळ म्हणजे केवळ चांगली-वाईट माणसे, असेच पाहण्याची सवय लागली आहे, तो हे प्रश्न विचारण्याआधी समोरचा माणूस शोधतो आणि त्याला शिक्षा झाली की घरी जातो. शासनाला याहून सोयीचा नागरिक कोणता? हा सारा दोष मालिकांचा, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु राग कोठे वळवावा याचे वळण त्या लावतात, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

‘ते मनोरंजन आहे, त्याकडून एवढी अपेक्षा कशाला?’ असा आक्षेप येईल. त्याला उत्तर देण्यास इतिहास पुरेसा आहे. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पुढे थॅचरबाईंच्या कारकिर्दीत तिची ओढाताण होऊ लागली, तेव्हा बीबीसीने १९८६ साली ‘कॅज्युअल्टी’ ही अपघात विभागावरची मालिका सुरू केली. तिच्या दोन्ही लेखकांनी सार्वजनिक आरोग्यसेवेची दुर्दशा हाच आपला विषय ठरविला होता. रात्रपाळीचा विभाग बंद पडण्याची भीती, अपुरे कर्मचारी, थकलेल्या परिचारिका हे तिचे कथानक होते. हुजूर पक्षाच्या मंडळींनी पक्षपाताची ओरड केली. प्रेक्षकांनी मालिका उचलून धरली आणि तिने चार दशकांच्या घरात मजल मारली. तिच्यातही प्रेमप्रकरणे होती, आणि प्रेक्षक त्यांवरही भांडले. पण ज्या इस्पितळात ती घडत होती ते कोणाच्या पैशाने चालते आणि कोण ते मोडीत काढीत आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते. आपल्याकडेही दूरदर्शनवर १९९१ साली विजया मेहता यांनी ‘लाइफलाइन’ ही इस्पितळाच्या जीवनावरील मालिका केली होती. तेव्हा हा प्रकार मुळातच उथळ आहे, हे म्हणणे खरे नाही. खाजगी वाहिन्यांच्या बाजारात तो उथळ करण्यात आला.

येथपर्यंतचे विवेचन कार्यकर्त्यांना पटेल. अडचण यापुढे आहे. संध्याकाळी सभेला बायका येत नाहीत, त्यांना मालिका सुटत नाही, ही तक्रार तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. तक्रार करणाऱ्याच्या स्वरात तुच्छता असते. मालिका पाहणारी बाई म्हणजे भ्रमात बुडालेली, आणि सभेला येणारा पुरुष म्हणजे जागा झालेला, असे काहीसे गृहीत त्यामागे असते. हे गृहीत समाजवादी विचाराशी विसंगत आहे. दिवसभर निंदण-खुरपण करून, चूल सांभाळून जी बाई अर्धा तास स्वतःचा म्हणून काढते, तिने तो कसा घालवावा हे तिला सुनावण्याचा अधिकार ज्याने तिचे एकही काम वाटून घेतले नाही त्याला कसा पोहोचतो? आणि ज्या सभेत आरोग्याचा ठराव सर्वांत शेवटी, अध्यक्षांच्या समारोपाआधी घाईने वाचला जातो, त्या सभेपेक्षा तिच्या त्या अर्ध्या तासात इस्पितळाचा विचार अधिक होतो, हे कटू असले तरी सत्य आहे. वाहिनीने तिचे मत मोजले नाही. चळवळीने तरी कोठे मोजले?

वर्धा जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच टोचावयास हवा. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले. त्याच वर्षी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभारले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाचा आधार घेऊन डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पुढे डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत जो प्रयोग केला तो तर प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावयास हवा. सुगीच्या वेळी घराघरांतून ज्वारी गोळा करावयाची, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यावयाची, गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच योजना लागू व्हावयाची, आणि त्या बदल्यात अवचित आजारात रुग्णालयाचे दार उघडे राहावयाचे, अशी ती व्यवस्था होती. बिल कोण भरते, या प्रश्नाला या जिल्ह्यातील खेड्यांनी पायलीने मोजून उत्तर दिले होते. दानशूर डॉक्टरच्या खिशाची वाट त्यांनी पाहिली नाही.

आज त्याच जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे एक आणि सावंगीचे, १९९० साली सुरू झालेले, दुसरे. गडचिरोलीशी तुलना केली तर वर्धा भाग्यवान, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेल्याचेही सांगितले जाईल. तेही खरे. परंतु दोन्ही महाविद्यालये वर्धा शहराच्या अंगणात आहेत. आष्टी, कारंजा आणि समुद्रपूर तालुक्यांच्या टोकाच्या गावांना त्यांच्यापर्यंत पोहोचावे लागते, आणि ती वाट ग्रामीण रुग्णालयातील रिकाम्या खुर्चीवरून जाते. विमा बिल भरतो. खुर्ची भरीत नाही. २०२३ साली जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जाहीर झाले, तेव्हा ते हिंगणघाटला व्हावे म्हणून लोक रस्त्यावर उतरले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्या दहांत वर्धा जिल्हा नव्हता. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ साली शब्द दिला होता की २०२५ पर्यंत शासनाचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. असल्या आकड्यांवर मालिका निघत नाही. पण तिच्या प्रेक्षकाचे आयुष्य त्यांवर बेतलेले असते.

मग कार्यकर्त्याने करावे काय? मालिकांवर बहिष्कार घालण्याचा ठराव करू नये. असल्या ठरावांनी बोलणारा एकटा पडतो. सभेची वेळ बदलावी आणि मालिका चालू असताना, बोलावणे असेल तेथे, जाऊन बसावे. बायका काय म्हणतात ते ऐकावे, टिपून घ्यावे आणि त्याला जाहिरातीपलीकडे नेणारा एकच प्रश्न जोडावा : आपल्या दवाखान्यात हे कसे आहे? पडद्यावर नर्स दिसत नाही. आपल्या उपकेंद्रात किती दिवस दिसते? तेथील डॉक्टर दिवसभर बसतो. आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर पदे किती, भरलेली किती? ही उत्तरे घेऊन जाण्याच्या जागा कायद्याने आणि योजनेने आधीच दिलेल्या आहेत. गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, रुग्ण कल्याण समिती आहे, ग्रामसभा तर आहेच. लोकाधारित देखरेखीचे काम महाराष्ट्रात २००७ साली पाच जिल्ह्यांत सुरू झाले, तेव्हा जनसुनावण्यांत बायकांनी अधिकाऱ्यांसमोर उभे राहून औषधांचा आणि गैरहजेरीचा हिशेब मागितला होता. त्यांतल्या अनेकींनी आदल्या संध्याकाळी मालिका पाहिली नसेल, असे मानण्यास काही आधार नाही.

कोणी अरमानच्या बाजूने असेल, कोणी नसेल. त्याचा निकाल चळवळीने लावावयाचा नाही. परंतु ‘यायचं बिल कोन भरते?’ हा प्रश्न जाहिरात लागताच विरून जाऊ नये, याची जबाबदारी मात्र तिची आहे. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या बैठकीत आरोग्याचा विषय येईल तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर घ्यावा, आणि तो मांडण्यासाठी, ज्या घरांत ही वाक्ये बोलली जातात, त्या घरांतील बायकांनाच उभे करावे.